भूमीची नाडी: विहिरीच्या पाण्यापासून नवी मुंबईच्या बोअरपर्यंत

१/
वैशाखात विहिरीचे पाणी गार लागते आणि पौषात तेच पाणी कोमट लागते. विहिरीच्या तळाशी वर्षभर जवळजवळ एकच तापमान असते; बदलते ती वरची हवा आणि त्या हवेला सरावलेला हात. हा अनुभव घरोघरचा. मात्र भूमी उष्णता किती वेगाने वाहून नेते, हे आकड्यात सांगता येण्यासाठी माणसाला फार वाट पाहावी लागली. त्या आकड्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आरंभीच एक गोंधळ दूर करायला हवा. ‘भूऔष्णिक’ म्हटले की वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे किंवा तुरळ येथील गरम पाण्याची कुंडे आठवतात. तेथे खोलवर तापलेले पाणी भेगांतून वर येते. या धाग्याचा विषय निराळा आहे: पायाखालची पहिली शंभर-दीडशे मीटर भूमी, जी गरमही नाही आणि गारही नाही. तिचा गुण एकच, ती आपले तापमान सहसा सोडत नाही.

३/
हा गुण महाराष्ट्राने पूर्वीपासून वापरला आहे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी असतो. पण पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा, हे अनेकांच्या ध्यानात नसते. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. तेथील मातीत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील बरीच पेवे निकामी केली. भूमीत ओल शिरली की तिचा स्वभाव बदलतो, हे पेववाल्यांना कोणत्याही यंत्राविना ठाऊक होते.

४/
आता याच भूमीकडे यंत्राच्या नजरेने पाहू. घरातला एसी खोलीतील उष्णता उचलून बाहेरच्या हवेत टाकतो. मे महिन्याच्या दुपारी ती हवा आधीच तापलेली असते, म्हणून यंत्राला अधिक वीज खर्चून उष्णता ढकलावी लागते. भूऔष्णिक हीट पंप हीच उष्णता हवेऐवजी जमिनीत सोडतो. त्यासाठी खोल बोअरमध्ये यू आकाराची प्लास्टिकची नळी उतरवतात आणि तिच्यातून पाणी फिरवत ठेवतात.

५/
कल्पना सोपी आहे. अडचण पुढे येते. बोअरभोवतीच्या खडकाने ती उष्णता दूर वाहून नेली पाहिजे. खडक मंद असेल तर उष्णता नळीभोवतीच साठते, परत येणारे पाणी कोमट होते आणि यंत्र धापा टाकू लागते. खडकाच्या या वाहून नेण्याच्या क्षमतेला उष्णतावाहकता म्हणतात. पाण्याची वाहकता सुमारे ०.६ वॅट प्रतिमीटर प्रतिअंश, स्थिर हवेची ०.०२५ च्या आसपास, ग्रॅनाइटची साधारण ३, आणि बेसाल्टची बहुधा दीड ते दोन.

६/
ही मोजणी सुरू झाली ती यंत्रांसाठी नव्हे, निखळ कुतूहलापोटी. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. १७८३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने बनवलेला एक अतिसूक्ष्म तापमापक तेथे ठेवण्यात आला. वर हिमवर्षाव होवो की उन्हाळा, पारा जवळजवळ हलत नसे. इतक्या खोलीवर ऋतू पोहोचत नाहीत, हे त्या तळघराने दाखवून दिले.

७/
ऋतू नेमके कोठपर्यंत पोहोचतात? याचे गणित जोसेफ फूरिए याने १८२२ च्या आपल्या उष्णतेवरील ग्रंथात मांडले. उन्हाळ्याची ऊब लाटेसारखी जमिनीत उतरते. खाली जाताना ती क्षीण होते आणि उशिरा पोहोचते. किती क्षीण आणि किती उशिरा, हे त्या जमिनीच्या गुणावर ठरते. म्हणजे नुसते तापमापक पुरून, वर्षभर नोंदी ठेवून, खडकाची परीक्षा घेता येते.

८/
ती परीक्षा एडिंबरामध्ये झाली. १८३७ पासून जेम्स फोर्ब्स याने तीन ठिकाणी ३, ६, १२ आणि २४ फ्रेंच फूट खोलीवर तापमापक पुरले. त्यांच्या नळ्या इतक्या लांब होत्या की टोके जमिनीच्या वर येत आणि आकडा वाचता येई. एक जागा कॅल्टन टेकडीवरच्या ट्रॅप खडकाची, दुसरी बागेतल्या वाळूची, तिसरी क्रेगलीथच्या खाणीतील वालुकाश्माची. दख्खनच्या काळ्या पाषाणालाही भूशास्त्रात ‘ट्रॅप’ हेच नाव पडले आहे.

९/
शहर एक, हवामान एक, पाऊस एक. तरीही तीन जागांची उत्तरे तीन आली. २४ फुटांवर कॅल्टन टेकडीच्या खडकात उन्हाळ्याची ऊब पोहोचेपर्यंत जानेवारी उजाडत असे. पुढे या नोंदींवरून विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी वाहकता काढली. वालुकाश्माची वाहकता ट्रॅप खडकाच्या सुमारे अडीच पट भरली. काही मैलांच्या अंतरात अडीच पटींचा फरक! पुढच्या साऱ्या कथेचे बीज या फरकात आहे.

१०/
हा प्रयोग भारतातही आला. त्रिवेंद्रमच्या वेधशाळेचे जॉन कॅल्डेकॉट यांनी १८४२ ते १८४५ या काळात तशाच नोंदी ठेवल्या. उष्ण कटिबंधात जमिनीखाली फूटभर गेले की तापमान स्थिर होते, असे बूसिंगो या फ्रेंच शास्त्रज्ञाचे म्हणणे होते. त्रिवेंद्रमच्या मातीने ते खोटे ठरवले. तेथेही ऋतूंची लाट खाली उतरतच होती. दूरच्या प्रदेशाविषयीचा समज त्या प्रदेशात खड्डा खणल्यावरच तपासता आला.

११/
याच मोजणीतून शास्त्राच्या इतिहासातील एक मोठी चूक जन्मली. १८६२ मध्ये केल्विन यांनी प्रश्न विचारला: पृथ्वी आरंभी वितळलेली होती असे मानले, तर आजच्या अवस्थेपर्यंत थंड व्हायला तिला किती काळ लागला असेल? त्यांनी एडिंबराच्या त्या तीन जागांच्या आकड्यांची सरासरी घेतली आणि ती अवघ्या पृथ्वीला लावली. उत्तर आले सुमारे ९.८ कोटी वर्षे. अनिश्चितता धरून २ कोटी ते ४० कोटी.

१२/
भूशास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. डार्विनलाही या आकड्याने ग्रासले, कारण जीवसृष्टीच्या संथ उत्क्रांतीला एवढा अवधी अपुरा होता. पण केल्विन यांच्या गणितात चूक सापडत नव्हती, आणि खरोखरच ते गणित निर्दोष होते. दोष होता तो गणितात शिरण्यापूर्वी गृहीत धरलेल्या गोष्टीत.

१३/
तो दोष दाखवला त्यांच्याच जुन्या सहायकाने. १८९५ मध्ये जॉन पेरी यांनी मांडले की पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता पृष्ठभागापेक्षा अधिक सहज वाहत असेल, तर वय कितीतरी पटींनी वाढते. एरवी सांगितले जाते की किरणोत्सर्गाच्या शोधाने केल्विन चुकीचे ठरले. वास्तविक पेरींचा आक्षेप त्याआधीचा आणि अधिक मर्मावर घाव घालणारा होता. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

१४/
एका टेकडीचा, एका बागेचा आणि एका खाणीचा आकडा साऱ्या भूगोलाला लावला, आणि शेकडो कोटी वर्षे हिशेबातून गळाली. वाहकतेचा आकडा ज्या भूमीचा, त्याच भूमीपुरता खरा. एका इमारतीच्या हिशेबात वर्षे गळत नाहीत, पैसे गळतात. न्याय मात्र तोच लागू होतो.

१५/
आता मुंबईकडे वळू. मोजणीला किती निवांत जागा लागते, याचा धडा या शहराने फार पूर्वी गिरवला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचा एक तरुण होता: केरो लक्ष्मण छत्रे, पुढे टिळकांचे गणिताचे गुरू.

१६/
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले. रुळांतून वाहणारा प्रवाह चुंबकसूचीला अस्थिर करणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागेत नवी वेधशाळा उभारली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा निखळू नये. ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर सूची खाडीपलीकडे सुरक्षित होती.

१७/
आणखी एक बारकावा लक्षात घेण्याजोगा. अलिबागच्या वेधशाळेच्या इमारतीला स्थानिक काळा दगड वापरला नाही, कारण बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो. त्यासाठी पोरबंदरचा दगड आणला गेला. याच परंपरेची वारस असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि आज तिचे मुख्यालय नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे. भूमीचे म्हणणे शांतपणे टिपण्याची ही शिस्त त्या शहराच्या शेजारालाच नांदते आहे.

१८/
जमिनीच्या उष्णतेचा थेट अभ्यास महाराष्ट्रात पुण्याला बहरला. १९३२ मध्ये हवामान खात्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले: निरभ्र, निवाऱ्याच्या रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकून नसते, काही वीत वर असते. आधी कोणाचा विश्वास बसेना. आज तो थर ‘रामदास थर’ या नावाने ओळखला जातो.

१९/
पुण्याच्या काळ्या मातीवर रामदास आणि द्रविड यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. ऊन परतवले गेले आणि पृष्ठभागासह खालच्या मातीचेही तापमान उतरले. वरच्या रंगात बदल केला की खालची भूमी त्याची दखल घेते. डांबर आणि काँक्रीटने झाकलेल्या शहराखालची जमीन शेताखालच्या जमिनीसारखी राहत नाही, याची पूर्वखूण या प्रयोगात होती.

२०/
खोल खडकाची ओळख मात्र भूकंपांनी करून दिली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाल्यावर दख्खनच्या बेसाल्टमध्ये खोल छिद्रे घेतली गेली. किल्लारीला बेसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली; कोयना परिसरातील पहिल्या खोल छिद्रात ती सुमारे ९३० मीटर भरली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने अशा छिद्रांत तापमान आणि खडकाची वाहकता मोजली. उद्देश भूकंप समजून घेण्याचा होता. हाती आलेले ज्ञान मात्र अनेक कामांचे.

२१/
एवढ्यावरून ‘महाराष्ट्र म्हणजे बेसाल्ट, म्हणून आकडा १.७’ असे म्हणावे काय? विहिरी खणणारे असे म्हणणार नाहीत. काळा घट्ट पाषाण वेगळा, भोकाभोकांचा मांजऱ्या वेगळा, दोन लाव्हांमधला गेरूसारखा लाल थर वेगळा. भोकांत हवा असेल तर उष्णता अडते, पाणी असेल तर ती पुढे सरकते. भेगांतून पाणी वाहते असेल तर खडकाच्या अंगचा गुण बाजूला राहतो आणि पाणीच उष्णता वाहून नेते.

२२/
नवी मुंबईत हा प्रश्न दुपटीने बिकट होतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली तेव्हा येथे भातखाचरे, मिठागरे, खाजणे, खारफुटी आणि पारसिकच्या डोंगररांगा होत्या. मग डोंगर फोडले गेले, खाजणे भरली गेली. विमानतळासाठी तर उलवे टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. काही ठिकाणी आज पायाखाली आधी भराव, मग खाडीचा मऊ चिखल, मग मुरूम आणि शेवटी पाषाण लागतो. शेजारच्या भूखंडावर हाच क्रम मिळेल याची हमी नाही.

२३/
म्हणून जागेवरची चाचणी. तिची कल्पना १९८३ मध्ये स्वीडनच्या पाल्ने मोगेन्सन यांनी मांडली. १९९०-२००० या दशकाच्या मध्यावर स्वीडनमधील लुलिओ आणि अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गाडीवर वाहून नेता येणारी यंत्रणा तयार झाली. थर्मल रिस्पॉन्स टेस्ट हे तिचे नाव. फोर्ब्सने खडकाचा गुण जाणायला वर्षानुवर्षे घेतली. या चाचणीला दोन-तीन दिवस पुरतात.

२४/
पद्धत अशी. प्रत्यक्ष कामाला लागेल तेवढ्याच खोलीचे एक बोअर घेतात, नळी उतरवतात आणि भोवतालची पोकळी बेंटोनाइटसारख्या मिश्रणाने भरतात. खोदण्याने आणि भरण्याने बिघडलेले तापमान निवळावे म्हणून काही दिवस थांबतात. मग भूमीचे मूळ तापमान नोंदवतात. त्यानंतर नळीतल्या पाण्याला स्थिर शक्तीने उष्णता देत राहतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचे तापमान किमान ३६ ते ४८ तास टिपत राहतात.

२५/
उत्तर तापमानाच्या उंचीत दडलेले नसते, चढाच्या वेगात असते. समजा, १०० मीटरच्या बोअरमध्ये ६ किलोवॅट उष्णता सोडली. वाहकता १.७ असेल तर दहाव्या तासापासून पन्नासाव्या तासापर्यंत तापमान सुमारे साडेचार अंश चढेल. वाहकता ३.४ असेल तर सव्वादोन अंशच चढेल. पहिले दहा-बारा तास हिशेबात धरत नाहीत, कारण तेव्हा उष्णता नळी आणि भरावातच घोटाळत असते, खडकाला भिडलेली नसते. या हिशेबाच्या मुळाशी आहे केल्विन यांचेच रेषीय स्रोताचे गणित. पृथ्वीच्या वयात ज्यांचे गृहीतक फसले, त्यांचे सूत्र येथे मात्र अचूक चालते. कारण वाहकता आता गृहीत धरायची नसून शोधायची असते.

२६/
चाचणी फसते तीही जुन्याच कारणांनी. वीज वरखाली झाली की उष्णतेचा पुरवठा डळमळतो आणि चढाची रेघ वाकडी होते. ट्रामने चुंबकसूचीचे केले असते तेच. उन्हातल्या उघड्या नळ्या तापल्या तर दुपारचे ऊन खडकाच्या नावावर जमा होते. श्रावणात भूजल वाहते असताना काढलेला आकडा वैशाखात फुगलेला ठरू शकतो. घाई झाली म्हणून चाचणी वीस तासांत आटोपली, तर मिळालेला आकडा दिसायला नेटका आणि भरवशाला पोकळ.

२७/
चाचणी उत्तम झाली तरी नवी मुंबईपुढे एक प्रश्न उरतोच. स्वीडनमध्ये भूमी हिवाळ्यात उष्णता देते, उन्हाळ्यात परत घेते; खाते जुळत राहते. कोकणपट्टीला तसा हिवाळा नाही. मुंबईचे वार्षिक सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे आणि भूमीचे तापमान त्याच्या जवळपास, किंबहुना थोडे अधिकच असते. गारव्याची पुंजी मुळात लहान, आणि बारमाही थंडावा मागणारे कार्यालय किंवा डेटा सेंटर भूमीत वर्षभर नुसती उष्णता ओतत राहणार.

२८/
अशा ठिकाणी मंद खडकाचा आकडा उगाच मोठा मानला, तर बोअर कमी खोदले जातात. पहिल्या वर्षी सारे सुरळीत चालते. मग दरवर्षी परतणारे पाणी थोडे अधिक तापते, विजेचे बिल चढते आणि अखेर जुनाच कूलिंग टॉवर शेजारी उभा करावा लागतो. उलट आकडा अकारण लहान मानला, तर पाषाणात नको तितकी छिद्रे पाडण्यात पैसा जातो आणि एरवी जमणारा बेत कागदावरच महाग ठरून मरतो.

२९/
जेथे उष्णतेला दुसरे गिऱ्हाईक आहे तेथे चित्र पालटते. रुग्णालय, हॉटेल, वसतिगृह यांना रोज गरम पाणी लागते. खोल्यांतून काढलेली उष्णता आधी पाण्याला द्यावी आणि उरलेलीच भूमीत सोडावी, तर भूमीवरचे ओझे हलके होते. पण ‘उरलेली’ म्हणजे किती आणि ती पेलायला किती बोअर लागतील, हे ठरवायला पुन्हा त्याच आकड्यापाशी यावे लागते.

३०/
एडिंबरात तीन जागांनी तीन उत्तरे दिली. त्रिवेंद्रमच्या मातीने परक्या तर्काला नकार दिला. कुलाब्याने आपली सूची गोंगाटापासून दूर नेली आणि हरिपूरच्या पेववाल्यांनी आपली माती ओळखून हळद राखली. नवी मुंबईच्या एखाद्या भूखंडावर उद्या हीट पंपाचा प्रस्ताव आला, तर त्याच्या पानांत सर्वप्रथम शोधावा तो एक तक्ता: याच भूखंडावर, किती खोल, किती तास आणि कोणत्या महिन्यात मोजले. तो तक्ता नसेल, तर बाकीची पाने दुसऱ्याच कुठल्या तरी जमिनीविषयी लिहिलेली असतात.

(समाप्त)